पणजीतली पीएचडी कन्सल्टन्सी: व्हिसाला बरी, बाकी जपून (५ पैकी २)
नाव टाकत नाही. पणजीतलीच आहे, एसी ऑफिस, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे, गेल्या गेल्या चहा. माणसं वागायला चांगली, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला पीएचडी करायची होती कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्समध्ये, म्हणजे मटेरियलला तडा कुठून जातो, कसा सरकतो याचं मॉडेलिंग, आणि काउन्सेलर मॅडमचा पहिला प्रश्न, बजेट किती? मग रँकिंगने लावलेली तीच एमएसवाली (परदेशी मास्टर्सची) लिस्ट पुढ्यात, एका प्रोफेसरचं नाव असेल तर शपथ.

अहो, जर्मनी-नेदरलँडमध्ये पीएचडी ही बहुतेक ठिकाणी पगारी नोकरी असते, ग्रुपमध्ये जागा निघते, जाहिरात येते, आपण त्या प्रोफेसरलाच सीव्ही पाठवायचा, यात बजेट कुठनं आलं? आणि इथलं बोलायचं तर फर्मागुडीला २०१६ पासून आयआयटी आहे (कायमच्या कॅम्पसला जागा कधी मिळते ते देवालाच ठाऊक), एनआयटी कुंकळ्ळीला गेली, जेआरएफ (नेटसारखी परीक्षा देऊन मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर सुरुवातीलाच महिना ३७ हजार. याबद्दल चकार शब्द नाही. कमिशन मिळत नसेल, दुसरं काय.

एसओपीचा, म्हणजे मला हेच का करायचंय ते सांगणाऱ्या पत्राचा, तर कहर. सगळ्या ग्रुपना एकच पत्र, फक्त युनिव्हर्सिटीचं नाव बदलून. आता माझा विषयच बघा: ग्रिफिथ नावाच्या इंजिनिअरने १९२१ ला तड्याचा ऊर्जेचा हिशोब मांडला, १९९८ ला फ्रँकफोर्ट आणि मॅरिगोने तो ऊर्जा कमीत कमी करायच्या गणितात बसवला, त्यातूनच आजचं फेज-फील्ड आलं, म्हणजे तडा बारीक रेषेऐवजी पसरट पट्टा धरून मॉडेल करायची पद्धत. आता समोरचा फेज-फील्डवाला की एक्सएफईएमवाला की पेरिडायनॅमिक्सवाला (तड्याच्या मॉडेलिंगच्या तीन वेगळ्या पद्धती) हे न बघता पत्र धाडलं तर कोण उत्तर देणार? माझ्या पत्रांना उत्तरं यायला लागली ती मी स्वतः लिहिली तेव्हापासून.

मॉक इंटरव्ह्यूत विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस. खऱ्या इंटरव्ह्यूत प्रोफेसरने माझ्याच मॉडेलचं चित्र स्क्रीनवर लावलं, खाचवाली प्लेट, शियर लोड (कडेने सरकवणारा जोर), आणि विचारलं की तडा एकच जायला हवा, इथे दोन कसे? ऊर्जेचे ताणाचे आणि दाबाचे भाग वेगळे केले नाहीत तर मॉडेलमध्ये दाबाच्या बाजूलाही मटेरियल फाटतं, हे सांगितल्यावर पुढची गाडी सुरू झाली. हे कुठल्या पॅकेजमध्ये शिकवणार?

तयारीला फेनिक्स वापरा, असली मॉडेलं सोडवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. अबॅकस या विकतच्या सॉफ्टवेअरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या लर्निंग एडिशनला १००० नोडची (जाळीतल्या बिंदूंची) मर्यादा, फेज-फील्डला तड्याजवळ मेश, म्हणजे ती जाळी, एवढी बारीक लागते की त्यात भागतच नाही.

दोन स्टार व्हिसाच्या फाईलचे. कागद क्रमाने, बँकेचं सगळं चोख, व्हीएफएसला (व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रावर) एकही कागद परत मागितला नाही. फी हप्त्याने घेतात, तर पहिला हप्ता भरायच्या आधी नुसतं व्हिसाचं काम वेगळं करून देतात का ते विचारा, बोर्डावर लिहिलेलं नसतं पण देतात.