एकच विषय, दोन पुस्तकं: आधी कोणतं घ्याल?

बऱ्याच वर्षांनी पुन्हा वाचायला बसणारी माणसं हमखास विचारतात, कादंबरी घेऊ, चरित्र घेऊ की काही वैचारिक? नुसत्या प्रकारावरून मला याचं उत्तर कधी देता आलेलं नाही. पण सारख्या विषयावरची, वेगळ्या घडणीची दोन पुस्तकं शेजारी ठेवली की निवड सोपी होते. म्हणून इथे जोड्या लावल्या आहेत. मतं माझी आहेत आणि त्यातली काही बरीच ठाम आहेत.

महाभारत: 'मृत्युंजय' की 'युगान्त'?

दोन्ही १९६७ सालची. शिवाजी सावंतांची कर्णावरची जाडजूड कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा, तिच्या निम्म्याहून लहान असा, महाभारतातल्या माणसांवरचा लेखसंग्रह. एकाच वर्षी मराठीत एकाच महाकाव्याकडे इतक्या वेगळ्या नजरांनी पाहिलं गेलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

'मृत्युंजय'चे नऊ भाग आहेत आणि सहा जण आळीपाळीने बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि अखेरीस कृष्ण. टाकून देणारी आई, पाठीमागे सावलीसारखा असणारा भाऊ, बायको, मित्र, अशा सगळ्यांच्या डोळ्यांनी एकच माणूस दिसत राहतो. भाषा अलंकारिक आहे, उपमांवर उपमा येतात. पंधरा-सोळाव्या वर्षी मी ती वाचली तेव्हा या भाषेनेच मला धरून ठेवलं होतं. पुढे चाळिशीत पुन्हा हातात घेतली तेव्हा काही पानं भरभर उलटावी लागली, हे खरं. तरीही कुंतीच्या भागाशी मी थांबलो. तान्ह्या मुलाला पाण्यात सोडणाऱ्या बाईचं मन कादंबरी जितकं जवळून दाखवू शकते तितकं दुसऱ्या कुठल्या लेखनाला साधेल असं मला वाटत नाही.

'युगान्त'चा स्वभाव निराळा. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्यासमोर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती होती. असंख्य हस्तलिखितं ताडून पाहून, मागाहून घुसलेला मजकूर बाजूला काढत केलेलं ते काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. त्यामुळे आपल्या मनात घट्ट बसलेले काही प्रसंग 'युगान्त'मध्ये आधार नसल्याने गळून पडतात आणि जे उरतं ते अधिक टोचतं. घोषयात्रेत, म्हणजे गायीगुरं पाहायला म्हणून कौरव वनात गेले तेव्हा, गंधर्वांपुढे कर्णाने काढलेला पळ किंवा द्यूतसभेत द्रौपदीविषयी त्याच्या तोंडून निघालेले शब्द महाभारतातच आहेत. त्याला दानशूर, अन्याय झालेला वीर म्हणून मनात ठेवणारा वाचक त्यांच्याकडे काणाडोळा करतो. इरावतीबाई तसं करू देत नाहीत. मात्र त्या कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं करत नाहीत. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती यांच्या अखेरच्या वनवासाचा लेख वाचताना तर आपण कथा वाचतोय की चिकित्सा, याचं भान राहत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: आधी 'मृत्युंजय'. 'युगान्त' वाचून झाल्यावर 'मृत्युंजय'मधल्या कर्णावर मनापासून जीव लावणं अवघड जातं. उलट क्रमात काहीच गमावत नाही. कर्णावर आधी प्रेम बसलेलं असेल तरच इरावतीबाईंचे प्रश्न खोल लागतात. मला तर त्यांचा रागच आला होता, आठवडाभर. मग हळूहळू लक्षात आलं की मला राग येतोय तो त्यांचं चुकलंय म्हणून नव्हे, तर त्यांच्या म्हणण्यातलं काहीच मला खोडून काढता येत नाही म्हणून. अपवाद एकच. अलंकारिक गद्याचा तुम्हाला मनस्वी कंटाळा असेल, तर सरळ 'युगान्त' घ्या.

पानिपत: कादंबरी की इतिहास?

विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. इथे क्रम तोच, पण कारण वेगळं. १४ जानेवारी १७६१ हा एक दिवस समजून घ्यायला त्याआधीचे कित्येक महिने समजावे लागतात: कोण कुणाच्या बाजूने, कुणाचा मुलूख कुठे, रसद कुठून येणार, यमुनेला पूर असताना कोण अलीकडे अडकलं, कोण पलीकडे. शेजवलकर वाचकाला हे थोडंफार ठाऊक आहे असं धरून चालतात. पत्रं, मुक्काम, तारखा तपासत जाणारं ते लेखन आहे आणि नावांची ओळख नसेल तर पन्नासाव्या पानावर धाप लागते.

कादंबरी ती ओळख करून देते. वेढ्यात अडकलेल्या सैन्याची उपासमार, बरोबर असलेले बुणगे, म्हणजे न लढणारी माणसं, आणि यात्रेकरू, भाऊसाहेबांवर चारी बाजूंनी येत गेलेलं दडपण, हे एकदा अंगावर आलं की शेजवलकरांच्या तारखांमध्येही जीव येतो. मात्र एक काळजी घ्या. कादंबरीतले संवाद कादंबरीकाराचे आहेत. वादात पुरावा म्हणून ते वापरायचे नाहीत. हे इतकं उघड असूनही ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या बाबतीत आपण सगळे ही चूक करतो आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. दोन्ही वाचायला वेळ नसेल तर कादंबरी घ्या, पण मग पानिपतावर मत देताना जरा जपून.

छोटी कादंबरी: 'बनगरवाडी' की 'कोसला'?

इथे विषय एक नाही, पण दोन्हींत एक कोवळा तरुण ओळखीचं जग सोडून अनोळखी ठिकाणी जातो, म्हणून जोडी लावली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर खेड्यातून शहरात शिकायला जातो आणि त्याच्या हाती काही लागत नाही.

वाचायची सवय मोडली असेल तर 'बनगरवाडी'. वाक्यं लहान, शब्द नेमके, फापटपसारा नाही. दोन-तीन बैठकींत संपते आणि माळरानावरची माणसं डोळ्यांपुढून हलत नाहीत. 'कोसला' वाचायला मनाची वेगळी तयारी लागते. एकाच सुरात चाललेलं ते बोलणं पहिल्या शंभर पानांत काहींना नकोसं होतं. तिथे सोडू नका. धाकट्या बहिणीच्या मृत्यूची पानं येईपर्यंत तरी थांबा. तोवरचं सगळं बेफिकीर बोलणं कशावर पांघरूण घालत होतं ते तिथे उमगतं. विशी-पंचविशीत असाल तर मात्र 'बनगरवाडी' नंतर वाचा. 'कोसला'चं वय असतं.

कथा आणि कविता

थोडक्यात सांगतो. जी. ए. कुलकर्ण्यांचा 'काजळमाया' (१९७२) आणि जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' (१९७९), दोन्ही कथासंग्रह, आणि दोन्ही मला आवडतात, पण एकाच माणसाला एकाच वेळी सुचवणार नाही. जीएंची एक कथा वाचली की त्या दिवशी दुसरी वाचू नये. एकेक वाक्य जड असतं आणि नियतीचं ओझं आपल्याही मानेवर येतं. नारळीकरांच्या कथा एका बैठकीत चार होतात. त्यांच्याकडे माणसं पुसट असतात, पण कल्पना लखलखीत. शास्त्रज्ञानेच लिहिलेली विज्ञानकथा असल्यामुळे 'असं झालं तर?' या प्रश्नामागचं विज्ञान भक्कम असतं. घरात बारा-तेरा वर्षांचं वाचणारं मूल असेल तर दुसरा विचार करू नका.

कवितेबद्दल एवढंच की संग्रह पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा नसतो. मर्ढेकरांचा 'काही कविता' (१९४७) आणि 'बहिणाबाईंची गाणी' (१९५२) पाच वर्षांच्या अंतराने आली. एकात यंत्रयुगात पिचलेला माणूस, दुसऱ्यात शेत आणि घरोट, म्हणजे जातं. मी दोन्ही उशाशी ठेवतो आणि कुठलंही पान उघडतो.

स्वतःबद्दल लिहिणं: 'स्मृतिचित्रे', 'आहे मनोहर तरी', 'बलुतं'

या प्रकारापाशी मला सर्वांत जास्त रेंगाळावंसं वाटतं.

पहिली दोन पुस्तकं नामवंत नवऱ्यांच्या बायकांची आहेत आणि दोघींनीही नवऱ्याचं चरित्र लिहिलेलं नाही. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक कवी होते, फिरस्ते होते, हातचं देऊन टाकणारे होते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. पुढे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही धर्मांतर केलं. इतकं सगळं सोसलेली ही बाई लिहिते कशी, तर शेजारी बसून बोलावं तशी. वडिलांचं सोवळं असो की नवऱ्याचं सांगून न सांगता निघून जाणं असो, तक्रारीचा सूर नाही. हसू येतं आणि लगेच घशाशी आवंढा येतो. घोटून काढलेलं, कमावलेलं असं त्या गद्यात काही नाही. मराठी गद्य कसं लिहावं असं मला कुणी विचारलं तर मी हेच पुस्तक पुढे करतो.

सुनीता देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' (१९९०) काळाच्या क्रमाने जात नाही. एक आठवण दुसरीला ओढून आणते, मध्येच विचार येतो, प्रश्न येतो, स्वतःलाच घातलेली उलटतपासणी येते. पु. ल. देशपांड्यांबद्दलची उत्सुकता मनात धरून हे पुस्तक उघडणाऱ्यांची निराशा होते, काहींना तर ते बोचतं. मला ते प्रामाणिक वाटतं, कारण नवऱ्याला लावलेला काटा त्या स्वतःलाही लावतात. पण ते थकवतं. मन शांत असताना घ्या.

'बलुतं' (१९७८) या दोघींच्या शेजारी ठेवलं की आत्मकथनाची दुसरीच ताकद दिसते. दया पवारांनी युक्ती अशी केली आहे की दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. शिकलेला, प्रतिष्ठा मिळवलेला लेखक आणि त्याच्या आतला महारवाड्यातला पोरगा, एकाच माणसाचे दोन भाग. लपवलेली लाज उघड्यावर आणायला ही दुभागणी लागलीच असेल, असं वाचताना सतत जाणवतं. जात काय करते हे सांगणारे वैचारिक ग्रंथ मी वाचले आहेत. या पुस्तकाने मला जे दाखवलं ते त्यांतल्या एकानेही दाखवलं नव्हतं. तुमच्या यादीत एकही दलित आत्मकथन नसेल, तर बाकी सगळं राहू द्या आणि 'बलुतं' आधी वाचा.

आणि तशी अट नसेल, एकच पुस्तक न्यायचं असेल, तर 'स्मृतिचित्रे'. संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे, पण संपूर्णच शोधा. हा ग्रंथ भागाभागांनी आला. चौथा भाग पुरा व्हायच्या आत, १९३६ साली, लक्ष्मीबाई गेल्या आणि उरलेलं काम मुलाने, देवदत्त टिळकांनी केलं. त्यांनी ते निष्ठेने केलं आहे. तरी तिथे पोचलो की दर वेळी मी दोन पानं मागे येतो आणि बाईंचं शेवटचं बोलणं पुन्हा वाचतो.