‘कमादा’ला दरवेळी थरच म्हणायचं का?

पोर्तुगीजमधून मराठी करायला बसलेला माणूस ‘कमादा’ दिसला की ‘थर’ लिहून मोकळा होतो. मूळ शब्द ‘कमा’, म्हणजे अंथरूण, पलंग. त्यामुळे जिथे काहीतरी खरंच अंथरलं गेलंय, तिथे थर चपखल बसतो. ओझोनचा थर, मातीचा थर, बेबिंकचे सात थर. इथे डोकं खाजवू नका.

ब्राझीलच्या ‘प्रे-साल’ तेलसाठ्यालाही थरच म्हणा, पण ‘प्रे’ जपून. ‘प्रे’ म्हणजे आधी, ‘साल’ म्हणजे मीठ. मिठाचा थर काही ठिकाणी 2 किलोमीटर जाडीचा आहे आणि तेल त्याच्या खाली. वरून भोक पाडत गेलं की आधी मीठ लागतं, मग तेलाचा खडक. मग हा ‘मिठाआधीचा’ कसा? तर तो खडक मीठ साचण्याच्या आधी तयार झाला म्हणून. ‘आधी’ आहे ते काळाच्या हिशेबात.

रंगकामात मात्र थर नको. तिथे पोर्तुगीजमध्ये ‘कमादा’ चालतो, पण कारागिराचा शब्द ‘देमांव’, आणि त्यात ‘मांव’ म्हणजे हात. आमच्या घरी रंगाऱ्याला मी “दोन थर द्या” म्हणालो, तर तो म्हणाला, “दोन हात मारतो की.” इतकं आयतं जुळणारं भाषांतर पुन्हा मिळायचं नाही. ‘हात’च लिहा.

संगणकाच्या नेटवर्कमधल्या सात ‘कमादां’ना स्तर म्हणावं. थर म्हटलं की धूळ बसल्यासारखी वाटते. समाजाबद्दल ‘कमादास पोपुलारेस’ आलं तर ‘लोकप्रिय स्तर’ लिहू नका. ते सामान्य, कष्टकरी लोक. पोर्तुगालच्या फुटबॉलमधले ‘कमादास जोवेन्स’ म्हणजे क्लबचे युवा संघ, तिथे थरही नाही न् स्तरही नाही.

खारी किंवा पफच्या पिठाला ते ‘मासा फोल्यादा’ म्हणतात, ‘फोल्या’ म्हणजे पान. मराठीत पापुद्रे, किंवा पदर. मला पदर आवडतो, पोळीलाही तेच सुटतात.

स्पॅनिश आधी शिकला असाल तर जरा थांबा. त्या भाषेत ‘कमादा’ हाच शब्द एका वेताच्या पिल्लांसाठी आहे आणि थराला ‘कापा’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये वेतासाठी ‘निन्यादा’, घरट्यावरून आलेला. आणि ‘कापा’ म्हणजे झगा, नाहीतर पुस्तकाचं मुखपृष्ठ.