लेहला जायचं कसं: विमानानं, मनालीवरनं की श्रीनगरवरनं?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या गटात सध्या लडाखचीच चर्चा. खर्चाचा हिशेब कधीच झाला. अडलंय ते 'वर गेल्यावर कुणाला त्रास होणार' इथं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, लेह साधारण 3,500 मीटरवर. तिथल्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण दाब कमी असल्यानं एका श्वासात मिळतो तो इथल्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. शरीराला याची सवय होते, फक्त दिवस द्यावे लागतात. आणि तिन्ही वाटांत फरक आहे तो या दिवसांचाच.

विमान सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अचानक. दिल्लीहून दीड तासात लेह. उतरल्यावर माणूस टवटवीत असतो, कारण डोकेदुखी, मळमळ बहुधा सहा-बारा तासांनी सुरू होते. तोवर गडी बाजार फिरून आलेला असतो. सुट्टी कमी असेल तर विमान चालेल, पण पहिले दोन दिवस हॉटेलात नुसतं लोळायची तयारी हवी.

मनालीची वाट फसवी. गाडीनं जातोय म्हणजे हळूहळू चढतोय असं वाटतं, पण 2,050 मीटरच्या मनालीतून निघून बरेच जण दुसरी रात्र सरचूच्या तंबूत काढतात, म्हणजे लेहपेक्षाही उंच, 4,200 च्या वर. दिवसा किती उंच खिंड ओलांडली यापेक्षा रात्री कुठं झोपलो हे महत्त्वाचं. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा नियम आहे. सरचू तो सरळ मोडतं. याच वाटेनं जायचं असेल तर सरचूच्या आधी लागणाऱ्या जिस्पाला दोन रात्री थांबा.

श्रीनगर (सुमारे 1,600), मग कारगिल (सुमारे 2,700), मग लेह. झोजिला, फोतुला या खिंडी लागतात, पण ओलांडून खाली उतरायचं असतं. माझं मत याच वाटेला.

आता माणसांचं. आमच्यातला तालमीतला भाचा म्हणतो, "मामा, मला काय होतंय!" भावा, जोर-बैठकांचा इथं उपयोग नाही. दमदार शरीर या त्रासापासून वाचवत नाही. उलट असेच गडी पहिल्याच दिवशी पळापळ करतात. साठीच्या काकूंना नुसत्या वयामुळं जास्त धोका नसतो, मात्र हृदय-फुप्फुसाचा आजार असेल तर आधी डॉक्टर. ज्याला पूर्वी उंचीवर त्रास झालाय, त्यानं मात्र विमानाचा नाद सोडावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या रात्री कुणीच घेऊ नयेत. काहीजण कापूर हुंगतात, पण त्यानं हवेचा दाब वाढत नाही. या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी उपयोगी पडते, बहुधा 125 मिलिग्रॅम दोन वेळा, चढायच्या आदल्या दिवसापासून. पण सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

लेहनंतरचा क्रमही ठरवून ठेवा: आधी नुब्रा खोरं, कारण तिथला हुंडरचा मुक्काम लेहपेक्षा खाली आहे, आणि उंचावरचा पँगाँग तलाव शेवटी. मधे कुणाचा तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच गाडी काढून खाली उतरायचं.