‘कौन बनेगा करोडपती’: नियम चोख, प्रश्नांची शब्दरचना सैल

३ जुलै २००० रोजी सुरू झालेला ‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम बहुतेक घरांत अमिताभ बच्चन यांच्यासाठी पाहिला जातो. नागपुरात आमच्या वसाहतीत मात्र तो मुख्यतः वाद घालण्यासाठी पाहिला जातो. उत्तर खरोखर बरोबर होते का, स्पर्धकाने खेळ सोडायला हवा होता का, यावर कार्यक्रम संपल्यानंतरही बराच वेळ चर्चा चालते. म्हणून ही समीक्षा सूत्रसंचालनाची नसून प्रश्नांची आणि नियमांची आहे.

प्रश्नांच्या बाबतीत २०२१ च्या पर्वातील एक प्रसंग बोलका आहे. भारतीय संसदेच्या प्रत्येक बैठकीची सुरुवात सर्वसाधारण प्रथेनुसार कशाने होते, असा प्रश्न होता आणि ‘प्रश्नोत्तराचा तास’ हे उत्तर बरोबर धरले गेले. लोकसभेपुरते ते खरे असले तरी राज्यसभेचे कामकाज शून्य प्रहराने (सदस्यांनी तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेने) सुरू होते, अशी हरकत एका प्रेक्षकाने जाहीरपणे घेतली. त्यावर या कार्यक्रमाशी दीर्घकाळ जोडलेले सिद्धार्थ बसू यांनी दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसाठी असलेल्या पुस्तिकांचा हवाला देऊन उत्तरात चूक नसल्याचे सांगितले. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन ज्या शहरात भरते, तिथे हा वाद थंड डोक्याने ऐकला जाणे शक्यच नव्हते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा हे शब्द इथे अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे अडकून पडलेल्या माणसालाही ठाऊक असतात. अधिवेशनाच्या कामावर अनेकदा नेमणूक झालेले आमचे एक निवृत्त शेजारी म्हणाले, “अहो, पुस्तिकेत काय लिहिलं आहे अन् सभागृहात काय चालतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत न!”

मला त्यांचे म्हणणे पटते. राज्यसभेने २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ वाजता घेण्यास सुरुवात केली. प्रश्नात ‘प्रथा’ विचारली असेल, तर उत्तरही प्रथेवरूनच ठरवायला हवे. ‘लोकसभेच्या बैठकीची’ एवढे दोन शब्द घातले असते, तरी वाद उद्भवला नसता.

प्रेक्षकांच्या बाजूनेही एक गोष्ट वारंवार विसरली जाते. या खेळात निरपेक्ष सत्य शोधायचे नसून चार पर्यायांतील सर्वांत योग्य पर्याय निवडायचा असतो. देशाचा भौगोलिक मध्य कोठे, असे विचारले आणि पर्यायांत नागपूर असले, तर आमच्याकडे झीरो माइलच्या, म्हणजे देशाचा मध्य दाखवणारे समजल्या जाणाऱ्या इथल्या स्तंभाच्या, चार घोड्यांची शपथ घेऊन उत्तर लॉक केले जाईल. पण आजच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात करौंदी येथे मानला जातो, आणि तो पर्याय समोर असेल तर घोडे कामाला येणार नाहीत. याउलट मध्य प्रदेशची पहिली राजधानी कोणती, या प्रश्नाला भोपाळ हे उत्तर देणारा फसेल, कारण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्या नावाच्या राज्याची राजधानी नागपूरच होती.

‘कौन बनेगा करोडपती’ ज्यावर बेतला आहे, त्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमाचे प्रश्नही निर्दोष नव्हते. टेनिसचा एक सेट जिंकण्यासाठी कमीत कमी किती फटके लागतात, या प्रश्नाला १९९९ मध्ये २४ हे उत्तर मान्य झाले. प्रतिस्पर्ध्याने आपल्या सर्व्हिसवर फक्त दुहेरी चुका केल्या, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण बहाल केले, तर १२ फटके पुरतात, हे नंतर लक्षात आले. तरी स्पर्धकाची रक्कम काढून घेतली गेली नाही. त्याच कार्यक्रमाच्या अमेरिकी आवृत्तीत सदोष प्रश्नामुळे बाद झालेल्या एड टूटंट यांना परत बोलावण्यात आले आणि २००१ मध्ये ते १८ लाख ६० हजार डॉलर जिंकले. चूक झाल्यास भार आयोजकांनी उचलायचा, हा संकेत मला योग्य वाटतो. प्रत्येक उत्तरासोबत पडद्यावर त्याचा आधार क्षणभर दाखवला, तर त्याची वेळही क्वचितच येईल.

नियमांबद्दल मात्र तक्रारीला जागा नाही. ‘लॉक’ केलेले उत्तर बदलता येत नाही आणि चुकल्यास मागच्या पडावावर, म्हणजे चुकले तरी हाती राहणाऱ्या रकमेवर, घसरावे लागते, हे शाळकरी मुलालाही समजते. खरी चुरस पडावाच्या रकमेत आहे. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातील, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बबिता ताडे यांनी एक कोटी जिंकून सात कोटींच्या प्रश्नावर खेळ सोडला, तेव्हा चुकल्यास त्या थेट ३ लाख २० हजारांवर आल्या असत्या. आमच्या इमारतीतील हिशेबी मंडळींनी मांडून दाखवले की, चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला तरी सरासरी पावणेदोन कोटींच्या वर जाते. गणित बिनचूक आहे, पण सरासरी काढायला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा खेळायला मिळावा लागतो. महिना दीड हजार रुपये मिळवणाऱ्या बाईंना तो एकदाच खेळायचा होता, आणि त्यांचा निर्णय मला शहाणपणाचाच वाटला.

२०२२ च्या पर्वात ७५ लाखांचा पडाव आला आणि हे गणित पालटले. कोल्हापूरच्या कविता चावला यांनी एक कोटीनंतर साडेसात कोटींचा प्रश्न सोडून दिला, तेव्हा त्यांच्या पणाला फक्त २५ लाख होते. त्या रात्री हिशेबी मंडळींना विरोध करणारे आमच्याकडे फारसे कोणी उरले नव्हते.