‘जुन्या रेल्वेचं पितळ’ घेताय? आधी हे वाचा

बडोद्यात कुणी कॉस्प्लेसाठी, म्हणजे एखाद्या पात्राच्या वेशभूषेसाठी, ‘गायकवाडी काळातलं’, ‘जुन्या रेल्वेचं’ पितळ विकत असेल, तर पैसे पाठवण्याआधी जरा थांबा.

मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यासाठी, माझा स्टीमपंक पोशाख चालला होता: वाफेच्या इंजिनांच्या काळावर बेतलेला कल्पनारम्य वेश. लंडनची उंच टोपी सगळेच घालतात, मला गायकवाडी इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं. आपल्याकडे त्याला आधारही आहे. गायकवाडांची डभोई-मियागाम नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा डबे बैल ओढायचे, वाफेची इंजिनं नियमित धावू लागली १८७३ मध्ये. बंद गळ्याचा कोट, चामडी पट्टे, पगडीवर गॉगल, छातीवर प्रेशर गेज आणि दातेरी चक्रं. कोट आईनं बाबांचा जुना उसवून बेतून दिला. अडलं ते पितळेपाशी.

इन्स्टाग्रामवर एक विक्रेता सापडला. अस्खलित बडोदेकरी मराठी. घर दांडिया बाजारात म्हटल्यावर लगेच, “अरे, मग तू आपलाच की! आपल्या माणसाला फसवून कुठे जाणार?” वर व्हिडिओत चक्राला लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटला नाही. गेज आणि चार चक्रं मिळून साडेसहा हजार, सगळे आगाऊ, कारण म्हणे पुण्याचं एक गिऱ्हाईक थांबलंय. हे पुण्याचं गिऱ्हाईक प्रत्येक वेळी थांबलेलंच असतं, हे नंतर इतरांकडून कळलं.

पार्सल आलं. गेजच्या तबकडीवर ‘बडोदा स्टेट, १८९८’, आणि खाली माप काय, तर किलो प्रति चौरस सेंटिमीटर! त्या काळचं गेज पौंड आणि इंचांत असतं, आपल्याकडे मेट्रिक मापं स्वातंत्र्यानंतर आली. मागचं झाकण फिलिप्स स्क्रूंनी बसवलेलं, म्हणजे फुलीच्या खाचेचे. ते बाजारात आले १९३० च्या दशकात.

चक्राच्या आतल्या कडेला कानस मारली. पिवळा थर गेला आणि खाली राखाडी धातू. जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, वर पितळी मुलामा. चुंबकाची मेख इथेच आहे: चुंबक फक्त लोखंड पकडून देतो, जस्तालाही तो चिकटत नाही.

पक्की परीक्षा घरच्या वजनकाट्यावर होते. आधी चक्र कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि चक्र दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून धरा, तळाला टेकू देऊ नका. पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागलं की पितळेला साधारण साडेआठ यायला हवेत. माझं चक्र ३४० ग्रॅम, पाण्यात आकडा ५१. भागाकार पावणेसातच्याही खाली. वस्तू भरीव हवी मात्र, पोकळ गेजला हा हिशेब लागू नाही. विक्रेत्याला हाच व्हिडिओ मागा, चुंबकाचा नको.

फोन केला तर आधी “जुन्या पितळेचा रंग असाच असतो, भाऊ,” आणि मग थेट ब्लॉक. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून. पैसे अजून आलेले नाहीत. खरं पितळ शेवटी भंगारवाल्याकडे किलोवर मिळालं: जुने नळ आणि एका स्टोव्हची टाकी.

त्या माणसाचं खातं आता दुसऱ्या नावानं सुरू आहे. नाव बदललं, पण फोटोंत वस्तूंखाली तेच लाल-पांढऱ्या चौकटींचं मेणकापड आहे, डाव्या कोपऱ्यात इस्त्रीनं जळालेलं.