श्रिंकरॅप: आत काय भरलं ते बघून बांधलेली जार

मी रत्नागिरीत बागायतदारांसाठी आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते. मूळ प्रोग्राम सगळ्यांना एकच, नियम मात्र ज्याचे त्याचे. कुणाचा माल वाशीला जातो, तिथे हमाली, तोलाई, गाडीभाडं मांडायचं; कुणी पुण्यात डझनावर घरपोच विकतो. हे नियम म्हणजे कम्पाइल केलेले जावा क्लास. ज्याला जे हवेत तेवढेच उचलून त्याची वेगळी जार (जावा क्लास एकत्र भरलेली झिपसारखी फाइल) बांधायची आणि मूळ प्रोग्रामने ती यूआरएलक्लासलोडरने, म्हणजे चालू असताना बाहेरचे क्लास आत आणणाऱ्या जावाच्या सोयीने, लोड करायची, अशी माझी रचना आहे. गेले दोन हंगाम ही बांधाबांध जेबॉसच्या मंडळींनी केलेली श्रिंकरॅप ही लायब्ररी करते आहे, आणि मी तिच्यावर मनापासून खूश आहे.

त्याआधी मी जावातल्याच जारआउटपुटस्ट्रीमवर स्वतःचं लूप लिहिलं होतं. त्यानेही काम होतं, वेगळी लायब्ररी लागत नाही. पण प्रत्येक व्यवधान आपणच ठेवायचं. एन्ट्रीच्या, म्हणजे जारमधल्या एकेका फाइलच्या, नावात विंडोजची उलटी तिरकी रेघ चालत नाही, सरळ '/' च लागते. मॅनिफेस्टमध्ये (जारची माहिती देणाऱ्या आतल्या फाइलमध्ये) मॅनिफेस्ट-व्हर्जन घालायला विसरलं तर बाकीच्या मुख्य नोंदी लिहिल्याच जात नाहीत, आणि एररही येत नाही!

माझा घात झाला तो दुसरीकडेच. हमालीच्या नियमाच्या क्लासमध्ये मी एक अनामिक, म्हणजे आतल्या आत लिहिलेला बिननावाचा, क्लास लिहिला होता. कम्पायलर त्याची '$1' जोडलेली वेगळी फाइल करतो. माझ्या लूपने मोठी फाइल उचलली, ही राहिली. जार लोड झाली, सगळं सुरळीत दिसलं. पावसच्या शेडमध्ये वाशीहून आलेली विक्रीच्या हिशेबाची पट्टी जुळवायला बसले आणि नेमकं हमाली मोजायच्या क्षणी नोक्लासडेफफाउंडएरर, म्हणजे हवा तो क्लास सापडत नाही. ऐन मे महिन्यात. ती रात्र मी कॉम्प्युटरसमोर काढली.

श्रिंकरॅपमध्ये अ‍ॅडक्लास म्हटलं की त्या क्लासच्या पोटातले क्लासही बरोबर येतात. सर्व्हिसलोडरसाठी (नोंदवलेले क्लास शोधून देणारी जावातली सोय) मेटा-इन्फ/सर्व्हिसेसमधली फाइल हाताने लिहावी लागत नाही, अ‍ॅडअ‍ॅजसर्व्हिसप्रोव्हायडर ती लिहितं. फक्त लक्षात ठेवा, ही मेथड नोंदच करते. क्लासही आत हवे असतील तर नावाच्या शेवटी अँडक्लासेस असलेली दुसरी मेथड वापरा.

मला सगळ्यात आवडतं ते टूस्ट्रिंग(ट्रू). फाइल डिस्कवर जाण्याआधीच जारमध्ये काय काय आहे त्याची पूर्ण यादी समोर येते. आमचे आबा पेटीत पेंढा घालून फळं लावून झाली की म्हणायचे, "झाकण ठोकण्याआधी एकदा बघून घे गो." मी आता तेच करते: यादी छापते, '$1' दिसला की मगच झिपएक्स्पोर्टरने फाइल काढते. एक्स्पोर्टटूला दुसरा पॅरामीटर ट्रू द्यायला विसरू नका, नाहीतर जुनी फाइल जागेवर असली की एक्सेप्शन येतं. आणि विंडोजवर जुनी जार प्रोग्रामने धरून ठेवलेली असेल तर आधी क्लासलोडर क्लोज करा.

उणिवा आहेत. तुमचा क्लास दुसऱ्या कुठल्या क्लासवर अवलंबून आहे हे ती शोधत नाही, ते क्लास आपणच घालायचे. क्लासपाथवर नसलेला, नुकताच मेमरीत कम्पाइल केलेला क्लास अ‍ॅडक्लासने जात नाही. त्याचे बाइट्स बाइटअ‍ॅरेअ‍ॅसेटमध्ये घालून पाथ स्वतः द्यावा लागतो. मॅनिफेस्टचा मजकूरही आपलाच. तिथे एका ओळीला 72 बाइट्सची मर्यादा, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट्सचं. 'रत्नागिरी' या एका शब्दालाच 27 लागतात. म्हणून मी मजकूर जावाच्या मॅनिफेस्ट क्लासकडून लिहून घेते, ओळी तो मोडतो, आणि तयार बाइट्स श्रिंकरॅपला देते.

ज्यांची जार बिल्डच्या वेळी एकदाच बनते त्यांना मावेन या बिल्डच्या साधनाचं जार प्लगइन पुरे आहे. पण चालत्या प्रोग्राममधून, माणसागणिक वेगळी जार बांधायची असेल तर डोळे झाकून हीच घ्या. टूस्ट्रिंगची ती यादी मी आता प्रत्येक जारशेजारी टेक्स्ट फाइल करून ठेवते. पावसहून फोन आला की आधी तीच उघडते.