ओव्हन हाताला चटका देत होता, म्हणून घेतला

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. दोन वेल्डर, एक हेल्पर आणि मी. रॉडचा ओव्हन, म्हणजे वेल्डिंगचे रॉड भाजून सुके ठेवायची पेटी, घेताना मी कसा फसलो ते लिहितोय. लाज वाटते, पण आमच्या लाइनीत आणखी दोघांकडे अगदी तसाच डबा दिसला, म्हणून लिहिणं भाग आहे.

गेल्या जुलैत एका प्रेस मशीनच्या बेसफ्रेमचं काम मिळालं. ३२ मिमी प्लेट, आणि ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेलं: ७०१८ (जाड, जोखमीच्या जोडांचा वेल्डिंग रॉड), बेक करूनच वापरायचा. पाऊस असा की गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, आणि आमच्या शेडच्या भिंतींनाही घाम. एरवी आम्ही ग्रिल-गेटवाले, ६०१३ या साध्या रॉडवर भागतं. तो रॉड जरा दमट असला तरी फारसं बिघडत नाही, शंभर-एकशे दहा डिग्रीवर तासभर ठेवला की झालं. उलट त्याला ३५० वर भाजलं तर फ्लक्सच, म्हणजे रॉडवरचा लेपच, मरतो. ७०१८ चं तसं नाही. त्याचं फ्लक्स हवेतलं पाणी ओढतं, आर्कमध्ये त्या पाण्याचा हायड्रोजन होतो आणि तो जोडात शिरतो. जाड प्लेटमध्ये मग वेल्ड थंड झाल्यावर, कधी कधी दोन-दोन दिवसांनी, तडा जातो. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या डी१.१ कोडप्रमाणे साधा ७०१८ उघड्यावर ४ तासच चालतो. पाकीट फोडल्यावर तो किमान १२० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवायचा, आणि दमट झालाच तर २६० ते ४३० डिग्रीवर किमान २ तास भाजायचा.

हे सगळं मला माहीत होतं. तरी फसलो.

दुकानदाराने ५० किलोचा ओव्हन दाखवला. निळा पावडर कोटिंगचा, डायलवर ४०० पर्यंत आकडे, सोबत कॅलिब्रेशन सर्टिफिकेटची (आकडे खरे असल्याच्या दाखल्याची) झेरॉक्स. त्याने डायल ३५० वर लावला, लाल दिवा लागला आणि दहा मिनिटांत विझला. "झालं बघा दादा, टेम्परेचर आलं. लावा हात." मी बाहेरच्या पत्र्याला हात लावला तर चटकाच बसला. खूश झालो. १९,५०० सांगितले. "पक्कं बिल नको, अठरा टक्के वाचतील तुमचे." मी वाचवले.

आता विचार करा. चांगल्या ओव्हनच्या दोन पत्र्यांमध्ये ग्लासवूल असतं. आत ३०० असलं तरी बाहेरून तो कोमट लागतो. बाहेर चटका बसला म्हणजे मधे काहीच नाही. आणि एवढी मोठी पेटी दहा मिनिटांत ३५० ला पोचेल कशी? ज्या दोन गोष्टींवर मी भाळलो, त्याच दोन गोष्टी ओव्हन खोटा असल्याचा पुरावा होत्या.

आमचे वेल्डर मामा तीस वर्षं रॉड ओढतायत. पहिल्याच दिवशी त्यांनी ओव्हनमधून काढलेले चार रॉड एकमेकांवर घासले आणि म्हणाले, "शेठ, आवाज बद्द येतोय. सुका रॉड खणखणतो." रॉड तडतडतही होता. मी म्हणालो, मामा, डायल बघा, ३५० आहे. त्यांनी डायल बघितला आणि गप्प कामाला लागले. हे मला अजून टोचतं.

गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरने ४८ तास थांबून डीपी मारली, म्हणजे लाल रंग झिरपवून तडे शोधायची तपासणी केली. पांढऱ्या डेव्हलपरवर जोडाच्या कडेने लाल रेघा उमटल्या, एक तर वीतभर. मी आधी प्रीहीटवर, म्हणजे वेल्डिंगआधी प्लेट तापवण्यावर, खापर फोडलं. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओव्हनचं टेम्परेचर कशावरून सांगता?" डायलवरून, म्हणालो. ते हसले नाहीत, तेवढा मान ठेवला.

शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्या भाऊंनी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणून आत सोडलं. डायल ३५०, मीटर ८४. तासभर बसलो, ८४ च्या वर हलेना. मग उघडला. बाजूंना एकेरी पत्रा. दाराच्या पोकळीत थर्माकोल, तोही शाबूत! आत खरंच ३५० असतं तर त्याचं पाणी झालं असतं. डायलवरचं स्टिकर नखाने खरवडलं तर खाली आकडे निघाले ३० ते ९०. गिझरचा थर्मोस्टॅट. सर्टिफिकेटवर जो सिरियल नंबर होता, तो ओव्हनवर कुठेच नव्हता.

सहा दिवस गॉजिंग करून, म्हणजे खराब जोड कोरून काढून, ते परत भरले. रॉड, मजुरी आणि उशिराची कपात धरली तर ओव्हनच्या किमतीच्या तिपटीहून जास्त गेले. दुकानदार फोनवर म्हणाला, "तुम्हीच रॉड ओले ठेवले असतील." बिल मागितलं तर म्हणाला, कसलं बिल? बरोबरच होतं त्याचं. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेली वस्तू तशीही सहज बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या स्वयंरोजगाराला सवलत आहे, पण तिथेही विकत घेतल्याचा पुरावा लागतोच.

ओव्हन घ्यायला जाल तेव्हा के टाइप थर्मोकपलचा मल्टिमीटर खिशात न्या. प्रोब (तारेचं टोक) मधल्या जाळीवर ठेवा, दार लावा आणि दुकानातच तासभर बसा. दुकानदार चहा पाजून उठवायला बघेल. चहा घ्या, उठू नका. प्रोब आत सोडायलाच नाही म्हणाला, तर मात्र चहाही न घेता निघा.

मी दुसरा ओव्हन घेतला तेव्हा मामांना सोबत नेलं. त्यांनी आधी तापलेल्या ओव्हनच्या बाहेरच्या पत्र्याला हात लावला, बराच वेळ तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. कोमट होता.